सीमेवरच्या घरातला पडदा



दूरचित्रवाणीची कथा ध्वनिक्षेपकासमोर बसून सांगावयाची, यात थोडी गंमत आहे. धाकट्या बहिणीने थोरलीची बैठक उठविली आणि आता त्या धाकटीचे चरित्र थोरलीच्याच तोंडून ऐकावयाचे, असा हा प्रकार. परंतु धाकटीचे गुण आणि खोड्या थोरलीइतक्या दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

२०२५ च्या दिवाळीत बेळगावच्या आमच्या घरी ४३ इंची संच आला. दुकानातली दोन मुले आली, त्यांनी भिंतीला चार भोके पाडली आणि अर्ध्या तासात पडदा टांगून ती निघाली. संच मोठ्या नावाचा नव्हे. शिक्षिकेच्या खिशाला झेपेल असा. पण पडदा एवढा रुंद की त्या भिंतीवर माझ्या आजोबांच्या काळापासून असलेली येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर काढून शेजारच्या भिंतीवर न्यावी लागली. आईने ते मुकाट्याने पाहिले. संच सुरू झाला, पडद्यावर रंगीत चौकटींची रांग उभी राहिली; त्यांतली प्रत्येक चौकट आम्हांला काही तरी विकू पाहत होती. मग आईने एकच प्रश्न विचारला : “ह्यात आपल्या भाषेतलं काय लागतंय काय गं?”

“लागतंय की काकू,” दारात चपला घालता घालता त्या मुलांपैकी एक जण म्हणाला, “कन्नड, मराठी, हिंदी, सगळं लागतंय. नेट तेवढं पाहिजे.”

पडदा किती मोठा आणि किती स्वस्त, हा प्रश्न आज साऱ्या जगाचा आहे. पण बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न येतो : त्या पडद्यातून आवाज कोणाचा येणार? या दोन प्रश्नांची जोडकथा आज आपल्याला सांगावयाची आहे.

सुरुवात रेडिओपासूनच केली पाहिजे. ‘आकाशवाणी’ हा शब्द आपण आपला समजून वापरतो. पण तो आपल्याकडे आला म्हैसूरहून. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरी एक छोटे केंद्र सुरू केले. तेथे हे नाव रुजले आणि पुढे देशाच्या नभोवाणीने ते उचलले. आमच्या भागाला पहिले जवळचे केंद्र मिळाले ते धारवाडचे, ८ जानेवारी १९५० रोजी. कन्नड बातम्या आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे एकाच पेटीतून येऊ लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोग आला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि २००४ मध्ये हा वाद महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेला. परंतु लहरींना ते राजपत्र कोणी वाचून दाखविले नव्हते. १९६३ मध्ये सांगलीचे केंद्र सुरू झाल्यावर एकाच घरात सकाळी सांगली आणि रात्री धारवाड ऐकण्याची सोय झाली. काटा थोडा इकडे फिरविला की मराठी, थोडा तिकडे फिरविला की कन्नड. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. वर्षाकाठी टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरले की पुरे.

दूरचित्रवाणीला मात्र हे औदार्य साधले नाही, आणि त्याचे कारण राजकारणात नसून पदार्थविज्ञानात आहे. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीच्या वळणाने दूरवर जातात. चित्र वाहून नेणाऱ्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत धावतात; डोंगर आडवा आला, पृथ्वीची वक्रता आडवी आली, की त्या संपल्या. म्हणून रेडिओ शंभर कोसांवरचा ऐकू येई, पण चित्र पाहावयाचे तर प्रक्षेपक आपल्या गावाजवळ असावा लागे. आणि प्रक्षेपक कोठे उभारावयाचा हे सरकार ठरवी.

जॉन लोगी बेअर्डने लंडनमध्ये १९२६ च्या जानेवारीत हलत्या चित्राचा प्रयोग दाखविला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत आपल्या देशातले पहिले प्रायोगिक प्रक्षेपण झाले. मुंबईला दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव मुंबईकर मंडळी घरी बसून पाहत होती, तेव्हा आमच्याकडचे लोक त्याचे कौतुक वर्तमानपत्रांत वाचत होते. मेजवानी दुसऱ्याच्या घरी आणि आपल्याला तिचा नुसता वृत्तान्त, अशी ती स्थिती. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने देशातल्या सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात कर्नाटकही होते, पण प्रयोगाची गावे विजापूर, गुलबर्गा, रायचूर या बाजूंची. बेळगाव पुन्हा मधल्यामध्ये. बंगलोरचे केंद्र १ नोव्हेंबर १९८१ रोजी सुरू झाले, तेही आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र आले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१ब हा उपग्रह आकाशात गेला. आता दिल्लीचे चित्र उपग्रहावरून खाली घ्यावयाचे आणि लहानशा प्रक्षेपकाने गावात पसरवावयाचे, हे शक्य झाले. १९८४ मध्ये तर असा काळ आला की देशात सरासरी दिवसाला एक प्रक्षेपक उभा राहत होता. त्या लाटेत आमच्यासारख्या गावांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्या उगवल्या.

त्या काड्यांचे मूळ चित्र १९२६ चे, जपानमधले. उडा आणि यागी या दोघा संशोधकांच्या नावाने ते ओळखले जाते. काड्यांचे टोक ज्या दिशेला, त्या दिशेची लहर चांगली मिळते. ही साधी गोष्ट सीमाभागात केवढी अर्थपूर्ण झाली! निपाणीपासून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आत, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. निपाणीचे माझे एक वडीलधारे सहकारी सांगत, की त्यांच्या गल्लीत कोणाचा अँटिना उत्तरेकडे तोंड करून आहे आणि कोणाचा दक्षिणेकडे, हे रस्त्यावरून दिसे. उत्तरेकडचा म्हणजे आग्रही मराठी आणि दक्षिणेकडचा म्हणजे कन्नडप्रेमी, असे मात्र मुळीच नव्हे. ज्या बाजूने मुंग्या कमी, त्या बाजूला काड्या! एक मुलगा छपरावर, एक खिडकीत, एक संचासमोर, “आलं काय?” “नाही, गेलं!” “आता?” “थांब, थांब, हलवू नको!” हा संवाद दोन्ही भाषांत सारखाच चाले.

आमच्या घरी पहिला संच आला तो १९८७ मध्ये, रामायण मालिका सुरू झाल्यानंतर. चौदा इंची, कृष्णधवल. माझे वडीलही शिक्षक. संचाची किंमत त्यांच्या सुमारे दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती, आणि ती त्यांनी सहा हप्त्यांत फेडली. रविवारी सकाळी प्रार्थनेहून परत येईतो आमच्या ओसरीवर निम्मी गल्ली बसलेली असे. कोणी तरी पडद्यावर निळ्या-तांबड्या प्लॅस्टिकचा कागद लावून त्याला ‘कलर’ केले होते. वीज गेली तर हा संच बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चाले. निपाणीकडच्या खेड्यांत त्यासाठी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणीत, असे ऐकले आहे. वडिलांचा नियम एकच होता : संध्याकाळची जपमाळ पुरी होईपर्यंत संचाला हात लावावयाचा नाही. शेजारच्या घरी परवच्याचा तोच नियम होता. त्यामुळे आमच्या गल्लीत आठाच्या आधी एकही पडदा उजळत नसे.

त्या पडद्यावर भाषा होती हिंदी. प्रादेशिक कार्यक्रमांची वेळ आली की राज्याच्या राजधानीचे कार्यक्रम, म्हणजे कन्नड. मराठी क्वचित, ते रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटाची पाळी आली तर. दोन शेजारी बांधावरून भांडत असावेत आणि तिसऱ्याने येऊन ओसरीवर बैठक मारावी, तसे हिंदीचे झाले. परंतु गंमत अशी की त्याच हिंदीतून कधी कधी आम्हांला आमचाच मुलूख भेटे. ‘मालगुडी डेज’ ही मालिका त्या वेळी लागे. ती हिंदीत होती, पण चित्रण झाले शिवमोग्याजवळच्या आगुंब्याला, आणि दिग्दर्शक होते शंकर नाग. हे होनावरचे कन्नड गृहस्थ मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वाढले होते. ‘२२ जून १८९७’ या १९७९ च्या मराठी चित्रपटाच्या पटकथेलाही त्यांचा हात लागला होता. सीमेच्या दोन्ही बाजू एका माणसात किती सुखाने नांदू शकतात, याचे हे उदाहरण मी आजही माझ्या वर्गात सांगते.

यानंतरचा काळ केबलवाल्याचा. १९९१ मध्ये आखाती युद्धाबरोबर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी आली. गल्लीतल्या एखाद्या उद्योगी तरुणाने गच्चीवर मोठी तबकडी बसवावी, खांबावरून, झाडावरून, पन्हाळीवरून तारा ओढाव्यात आणि महिन्याच्या महिन्याला दारात येऊन पैसे न्यावेत. त्याच्याकडे आयोग नव्हता, अहवाल नव्हता. होती ती गिऱ्हाइकांची वही. १९९४ मध्ये उदय ही कन्नड वाहिनी आली, ती त्याने लावली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ईटीव्हीची मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भावंडे आली, ती त्याने शेजारी-शेजारी लावली. एका बटणावर कन्नड, पुढच्या बटणावर मराठी. भाषेच्या प्रश्नावर कोणतीही परिषद न भरविता या माणसाने एक तोड काढली होती, आणि ती लोकांच्या अंगवळणी पडली होती.

त्या तोडीची खरी किंमत मला कळली ती निपाणीत. निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ मधले तेथील तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार जुन्या लोकांना आठवत असेल. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांच्या संघटनेवर १९८२ मध्ये ‘तंबाखू चाखिला ऊब आली’ हा माहितीपटही निघाला. अशाच एका विडी वळणाऱ्या बाईच्या घरी मी बसले होते. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, समोर जुना संच. मालिका ऐन रंगात आली होती, पण बाईंची नजर पानावर. मी म्हटले, “मावशी, बघत नाही काय?” त्या म्हणाल्या, “बघून कसं भागंल बाई? हात थांबला तर हजार कधी भरायचं? मी आईकतो.” डोळे कामाला बांधलेले असतात, कान तेवढे मोकळे असतात. अशा माणसाला पडदा चौदा इंची की चाळीस इंची याने काय फरक पडणार? भाषा आपली असली की त्याचे सारे चित्र पुरे होते.

आता पडदा मोठा आणि स्वस्त कसा झाला, याकडे वळू. जुना संच म्हणजे काचेची निर्वात नळी. पडदा जितका रुंद, तितकी नळी खोल आणि काच जाड. म्हणून मोठा संच केवळ महाग नव्हता, तो उचलावयाला चार माणसे लागत. नव्वदीच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, जुना संच द्या आणि नवा न्या अशा योजना निघाल्या, त्यामुळे रंगीत संच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. पण रुंदी वाढली ती द्रवस्फटिकांमुळे. हा पदार्थ ऑस्ट्रियाच्या राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ मध्ये सापडला. घन आणि द्रव यांच्या मधली त्याची अवस्था. दोन काचांमध्ये त्याचा पातळ थर ठेवून विजेने प्रकाश अडविता वा सोडिता येतो. या शास्त्रात बंगलोरचाही वाटा आहे. रमण संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पडदा बाजूने पाहिला तरी चित्र फिके पडू नये म्हणून त्यावर ज्या पातळ फिती लावतात, त्यांत अशाच रेणूंचा उपयोग पुढे झाला.

किंमत उतरली ती काचेच्या कापणीमुळे. शिंपी कापडाचा पन्हा पाहून सदरे बेततो, तसे कारखानदार काचेच्या पत्र्यातून पडदे बेततात. सुमारे २.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब अशा पत्र्यातून ५५ इंची सहा पडदे निघतात. २०१७ च्या अखेरीस चीनमधील हफे येथे त्याहूनही मोठ्या, म्हणजे जवळजवळ तीन मीटर रुंद पत्र्याचा कारखाना सुरू झाला. त्याच्या एका पत्र्यातून ६५ इंची आठ पडदे कातरले जातात. कापड फुकट कमी गेले की सदरा स्वस्त, तेच येथे झाले. २०१८ च्या फेब्रुवारीत शाओमी या चिनी कंपनीने ५५ इंची संच ३९,९९९ रुपयांना आणला, तेव्हा बाजार हादरला. मग इतरांनाही उतरावे लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे करापूर्वी वीस हजार किंमत असलेल्या संचामागे दोन हजारांची बचत. त्या दिवशी घटस्थापना होती. बेळगावच्या खडेबाजारात त्या नवरात्रात मोठ्या खोक्यांची वर्दळ होती, आणि दिवाळीत त्यांतले एक खोके आमच्या दारात आले.

हिशेब मांडून पाहिला, तर चौदा इंची जुन्या पडद्यापेक्षा ४३ इंची पडद्याचे क्षेत्रफळ आठपटींहून अधिक भरते. वडिलांना दोन पगार मोजावे लागले. मला एका पगाराचा निम्मा भागही लागला नाही. मग उरलेली किंमत कोणी दिली? की ती अजून वसूल व्हावयाची आहे?

ती वसूल होते, पण हप्त्याहप्त्याने आणि न सांगता. स्वस्त संचाचा नफा संच विकून फार थोडा मिळतो. तो मिळतो पडद्यावरच्या जाहिरातींतून आणि आपण काय पाहतो या माहितीतून. अमेरिकेत व्हिजिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून, लोकांची स्पष्ट संमती न घेता, ते काय पाहत आहेत याची नोंद ठेवली, असा तेथील सरकारी आयोगाचा आक्षेप होता. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटविले. पूर्वी आपण संच पाहत होतो. आता संचही आपल्याला पाहतो. नवा संच लावताना ज्या संमतीच्या पाट्या येतात, त्यांवर डोळे मिटून होकाराचे बटण दाबू नये. नकाराचे बटणही शेजारीच असते, फक्त थोडे फिके असते.

दुसरी वसुली भाषेच्या खात्यात होते. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्यांच्या दरांचा नवा नियम आला. तेव्हा १३० रुपये आणि कर एवढ्यात शंभर वाहिन्यांची वाट मोकळी होती, त्यापुढे प्रत्येक सशुल्क वाहिनीची वा तिच्या गाठोड्याची किंमत वेगळी. कल्पना न्याय्य आहे : जे पाहाल त्याचेच पैसे द्या. परंतु ही गाठोडी बांधताना कर्नाटकाचे एक आणि महाराष्ट्राचे एक असा सरळ विचार झाला. ज्या घरात आजी मराठी मालिका पाहते आणि नातू कन्नड बातम्या पाहून स्पर्धापरीक्षेची तयारी करतो, त्या घराने काय करावे? दोन गाठोडी घ्यावीत. केबलवाल्याची ती दोन शेजारची बटणे आता दोन वेगळ्या बिलांत गेली. रुपयांत पाहिले तर रक्कम मोठी नाही. पण महिनाअखेरीस एक गाठोडे कमी करावयाची वेळ आली की कोणते सोडावयाचे, हा वाद ज्या घरात झाला त्याने सीमाप्रश्न ओसरीवरून माजघरात आलेला पाहिला आहे.

हा वाद मालिकांपुरता असता, तर मी त्यासाठी आपला वेळ घेतला नसता. २०२० मध्ये तो शाळेपर्यंत आला. साथीमुळे शाळा बंद झाल्या. कर्नाटक सरकारने दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर ‘संवेद’ नावाचे पाठ सुरू केले, ते प्रामुख्याने कन्नडमध्ये. त्याच सुमारास, जुलैमध्ये, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती मराठीत, पण महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. आमच्या मराठी शाळांतील मुलांची पुस्तके मराठीच, पण कर्नाटकाने छापलेली. म्हणजे एका वाहिनीवर अभ्यासक्रम आमचा, भाषा दुसरी. दुसरीवर भाषा आमची, अभ्यासक्रम दुसरा. मधल्या खिंडीत उभी होती सातवीतली, आठवीतली मुले.

त्या दिवसांत वडगावातल्या एका विणकराच्या घरी मी गेले होते. माग बंद, मजुरी थकलेली. तीन मुलांना मिळून एकच फोन, त्याचा पडदा तळहाताएवढा. त्या गृहस्थांनी उसनवारी करून ३२ इंची स्वस्त संच आणि दूरदर्शनची मोफत वाहिन्यांची तबकडी घेतली होती. मागाच्या खोलीत, सुताच्या रिळांच्या फळीवर तो ठेवला होता. थोरली मुलगी चंदनावरचा गणिताचा पाठ पाही. आकडे आणि आकृत्या तिला कळत. कन्नड शब्द अडला की ती वडिलांना विचारी, कारण गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचे कन्नड पक्के होते. धाकटी दोघे टिलीमिली पाहत. धडा त्यांच्या पुस्तकात नसे, पण भाषा त्यांची असे. आणि धडा संपला की ती दोघे अंगणात तोच खेळ खेळत. मी रोज दूरध्वनीवरून सांगत असे : आज चंदनावरचे हे पाहा, सह्याद्रीवरचे ते पाहा, आपल्या पुस्तकातले हे पान उघडा. गणिताला सीमा नव्हती. भूगोल आणि भाषा यांना होती. पण त्या मुलीने एका वर्षात दोन्ही भाषांतली परिभाषा आत्मसात केली. आज ती महाविद्यालयात आहे.

स्वस्त मोठ्या पडद्याला नावे ठेवणे सोपे आहे. मीही ठेवते. पण मागाच्या खोलीतला तो संच आठवला की माझी जीभ अडते. तो पडदा स्वस्त नसता, तर त्या घरात शाळा शिरलीच नसती.

तथापि संच घेऊ पाहणाऱ्यांना दोन-चार अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पडदा पातळ झाला, तशी आवाजाची पेटीही पातळ झाली. ध्वनिवर्धक मागे वा खाली तोंड करून बसविलेले असतात, त्यामुळे संगीत घुमते आणि शब्द हरवतात. म्हाताऱ्या माणसांना नेमके शब्दच हवे असतात. किमतीतले दोन-तीन हजार राखून वेगळा ध्वनिवर्धक घेतला, तर चार इंच अधिक रुंदीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. दुसरी गोष्ट : संचाचे यंत्र चांगले असले, तरी त्यातील संगणकाची बुद्धी तीन-चार वर्षांत मंदावते. त्यासाठी संच टाकून देऊ नये. बाहेरून जोडावयाची लहानशी कांडी मिळते, तिने काम भागते. तिसरी : आमच्याकडचा वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, आभाळ काळवंडले की संचाची आणि तबकडीची तार काढून ठेवावी. चौथी : घरात चेंडू खेळणारे मूल असेल, तर पडदा उंचावर लावावा. पडद्यावरचा प्रकाश गेला तर दुरुस्त होतो. काच तडकली तर दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या घरात जातो. खडेबाजारातले आमचे जुने दुरुस्तीवाले, ज्यांनी वडिलांचा संच पंधरा वर्षे जगविला, आता मुख्यतः मोबाइलचे काच बदलतात. “बाई, पूर्वी आजार शोधायचो, आता अवयवच बदलायचा,” असे ते म्हणतात.

असो. आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले. त्या पडद्यात मराठी लागते, कन्नड लागते, जगातल्या सगळ्या भाषा लागतात. अँटिना फिरवावा लागत नाही, छपरावर मुलगा चढवावा लागत नाही. लहरींना अडविणारा डोंगर आता उरलेला नाही. पण चौदा इंचांसमोर आमची निम्मी गल्ली बसत असे. ४३ इंचांसमोर पहिले आठ दिवस आई एकटीच बसली होती. मुले आपापल्या खोलीत, आपापल्या तळहातावरच्या पडद्यात. गल्लीतल्या प्रत्येक घरी असाच पडदा, त्यामुळे कोणी कोणाकडे जाण्याचे कारण उरले नाही.

नवव्या दिवशी मी वडिलांचा नियम पुन्हा काढला. जपमाळ होईपर्यंत पडदा बंद, मुलांचे फोनही बंद. त्यानंतर तासभर एकच कार्यक्रम, सर्वांनी मिळून. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी मराठी, मंगळवारी आणि गुरुवारी कन्नड. पहिल्या कन्नड दिवशी आईने कुरकुर केली. धाकट्या मुलाने तिच्याजवळ बसून एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आई हसली. मुलगा अजून अर्थ सांगावयाचाच होता.